कुंपणावरची अग्निशिखा

श्रावणात कोकणातली वई आणि रान यांची हद्द पुसली जाते. करवंदीची जाळी, घाणेरी, निरगुडी, निवडुंग हे सगळे एकमेकांत इतके गुंततात, की कुंपण कुठे संपले आणि जंगल कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही. या हिरव्या गचपणातून हातभर वर एखादे लाल-पिवळे फूल निघालेले असते आणि धावत्या एसटीतूनही ते नजरेतून सुटत नाही. सहा अरुंद पाकळ्या, त्यांच्या कडा नागमोडी, बुडाशी पिवळा आणि टोकाकडे शेंदरी रंग, आणि सगळ्याच्या सगळ्या पाकळ्या वर उलटलेल्या. ही कळलावी. कोकणात आणि गोव्यात ती आहे, सह्याद्रीच्या घाटवाटांवर आहे, देशावरच्या बांधांवर आणि विदर्भातल्या पानगळीच्या जंगलांच्या कडेलाही आहे.

महाराष्ट्रात रानफुलांचा विषय निघाला की कासच्या सड्याचे नाव आधी येते. तिथल्या फुलांचे कौतुक रास्तच आहे, पण त्यासाठी सवड काढून तिथे जावे लागते. कळलावी गावाच्या पाणंदीतच उभी असते. तिच्याविषयी बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, ती विषारी आहे. दुसरी, ती घरात आणली की घरात भांडणे लागतात. पहिली गोष्ट पूर्ण खरी आहे. दुसरीला काडीचाही आधार नाही, मात्र त्या समजुतीमुळे लोकांनी तिला हात लावला नाही आणि ती काही ठिकाणी टिकली, असे मला वाटते. या दोन गोष्टींपलीकडे या वेलीत पाहण्यासारखे इतके आहे, की ओळख विषापाशीच थांबावी याचे वाईट वाटते.

नावे तिला पुष्कळ. कळलावी, खड्यानाग, इंदई, वाघचबका. संस्कृतात अग्निशिखा, लांगली, कलिकारी. कोकणात काही ठिकाणी तिच्या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत गोव्यात मूर्तीच्या वर टांगल्या जाणाऱ्या माटोळीला कवंडळे, कांगले यांच्यासोबत हीही बांधलेली दिसते. तामिळनाडूचे ते राज्यफूल आहे. संगम काळातल्या तमिळ कवींनी या फुलाला स्त्रीच्या बोटांची उपमा दिली आहे. समुद्रापलीकडे झिम्बाब्वेचे ते राष्ट्रफूल आहे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ त्या देशात, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात गेली, तेव्हा तिथल्या शाळकरी मुलांच्या वर्गणीतून तिला हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला गेला आणि तो याच फुलाच्या आकाराचा होता.

एका नावाबद्दल मात्र सावध राहायला हवे. मराठीत हिला बचनागही म्हणतात. खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातली अगदी वेगळी वनस्पती आहे. दोघींची विषे वेगळी, शरीरावर होणारे परिणाम वेगळे आणि त्यांची गतीही वेगळी. वत्सनाभाचे विष हृदयाच्या ठोक्यांवर झपाट्याने घाला घालते, तर कळलावीचे विष सावकाश आणि आतून पोखरत जाते. कोणी बचनाग खाल्ला असे सांगितले, तर नेमका कोणता हे डॉक्टरांना कळणे जिवामरणाचे ठरते.

वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियसने १७५३ साली ते दिले, आणि सहसा मोजके लिहिणाऱ्या या माणसाने वंश आणि जाती या दोन्ही नावांत वैभवाचीच विशेषणे वापरली. त्याच्या आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात तिचे चित्र आणि वर्णन छापले गेले होते. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने हा ग्रंथ करवून घेतला. मलबारचे वैद्य इट्टी अच्युदन यांच्यासोबत रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्याला माहिती पुरवली. या तिघांचे प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. आपल्या वेलींचे शास्त्रीय कागदपत्र तयार होताना त्या कामात आपली माणसे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता ती लिली आहे का? बाजारात लिली म्हणून ज्या लांबट पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात, त्या मुळात अमेरिकेतल्या एका कंदवर्गीय झाडाच्या आहेत आणि ते झाड लिलीच्या कुळातले नाही. कमळासारखी पाण्यात वाढणारी वॉटर लिली तर फारच लांबची. खऱ्या लिली, म्हणजे लिलियम वंशातल्या जाती, उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात वाढतात. भारतात त्या हिमालयात आहेत, मणिपूरच्या शिरुई डोंगरावर त्यांतली एक सुप्रसिद्ध जात आहे आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या उंच गवताळ डोंगरांवर एक. महाराष्ट्रात रानात वाढणारी खरी लिली एकही नाही.

कळलावीला मात्र दीडशेहून अधिक वर्षे लिलीच्याच कुळात बसवले गेले होते. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, जमिनीत कंद आणि पानांत समांतर शिरा असे ज्या झाडाचे दिसेल ते लिलीकुळात, असा जुना रिवाज होता. कांदा, शतावरी, मुसळी, कोरफड हे सगळे त्या एकाच कुळात कोंबलेले असत. डीएनएच्या आधारे १९९८पासून नवी मांडणी आली, तेव्हा या कुळाची बरीच कुळे झाली आणि कळलावी कोल्चिकेसी नावाच्या कुळात गेली. हे कूळ आणि खऱ्या लिलीचे कूळ आजही एकाच मोठ्या गणात आहेत, तेव्हा कळलावीला लिलीची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. तिची सख्खी भावंडे आपल्याकडे गवतात दडलेली आहेत. पावसाळ्यात माळावर वीतभर उंचीचे भुईचक्र उगवते, त्याला गवतासारखी पाने आणि जांभळट तांबूस रंगाची लहान फुले येतात. ते या कुळातले. २००३ साली सह्याद्रीतून कँप्टोऱ्हायझा वंशातली एक नवी जात जगापुढे आली, तीही याच कुळातली. त्या वंशाची दुसरी एकुलती एक जात आफ्रिकेच्या दक्षिण भागात आहे. कळलावी स्वतःही आफ्रिका, मादागास्कर, भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. हिंदी महासागराच्या दोन काठांवर हे एकच कूळ नांदते आहे.

वेल पाहायची तर सुरुवात जमिनीखालून करावी लागते. कळलावीचा कंद दोन फाट्यांचा असतो, नांगराच्या आकाराचा. लांगली हे नाव त्यावरूनच आले. प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, तसे इथे नाही. टोक मोडले की त्या फाट्यातून पुन्हा कोंब येत नाही. कंद ठिसूळ असतो आणि खणताना हमखास टोकालाच दुखापत होते. रानातून ओरबाडून आणलेली कळलावी कुंडीत रुजत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दिवाळीनंतर वेल वाळते, आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. सात-आठ महिने ती फक्त कंद असते. मृगाचे पाऊस पडले की डोळ्यातून कोंब निघतो. त्या एका पावसाळ्यात त्याला उंच व्हायचे असते, फुलायचे असते, बी धरायचे असते आणि पुढच्या वर्षीचा नवा कंदही करून ठेवायचा असतो. जुना कंद या कामात सगळा खर्ची पडतो. पावसाळ्याअखेरीस उकरून पाहिले, तर तो सुकून चिपाड झालेला आणि शेजारी नवा फाटेदार कंद भरलेला दिसतो. सफेद मुसळी, शेवळा, रानहळद, भुईआमरी यांचेही आयुष्य असेच चार महिन्यांचे. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरड या आपल्या हवामानाला दिलेले हे उत्तर आहे आणि सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पतींनी ते आपापल्या परीने दिलेले आहे.

खोड नाजूक असते, स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. म्हणून तिला चढावे लागते. चढण्यासाठी काकडीला किंवा कारल्याला खोडातून निघालेले वेगळे ताणे असतात, घेवडा सगळे खोडच आधाराभोवती गुंडाळतो. कळलावी यातले काहीच करत नाही. ती पानाच्या टोकाने चढते. एखादे पान हातात घेऊन नीट पाहा. देठ नाही, पान थेट खोडाला चिकटलेले. मधोमध रुंद, लांबट आणि चकचकीत. टोकाकडे ते अरुंद होत जाते आणि शेवटी पाते संपून नुसती मधली शीर पुढे निघते, तारेसारखी. तिला आकडीचा बाक असतो. गवताची काडी, करवंदीची फांदी, निवडुंगाचा काटा, जे काही या आकडीच्या आतल्या बाजूला टेकेल त्याभोवती ती वळते आणि घट्ट बसते. काडेपेटीतली काडी आकडीला टेकवून दुसऱ्या दिवशी येऊन पाहिले, तरी वळण पडलेले दिसेल.

चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी ग्लोरिओसा वंशातली एक आफ्रिकन वेल त्याने घरी वाढवून पाहिली होती. कोवळे खोड वर येताना सारखे फिरत राहते, म्हणजे आधार चाचपते, हे त्याने टिपले. सुरुवातीच्या पानांना आकडी नसते, हेही टिपले, आणि ते आपल्याकडच्या वेलीतही तसेच दिसते. जमिनीलगतची पाने साधी असतात, आधाराची गरज लागेल अशा उंचीवर आल्यावरच पुढच्या पानांना आकड्या फुटू लागतात. डार्विनच्या पाहण्यातली एक आकडी काहीच हाती न लागता तेहतीस दिवस उघडी राहिली. शेवटच्या आठवड्यात ती आत वळत गेली, इतकी की एखादी अगदी बारीक काडीच तिच्यात शिरली असती. तिचे पुरते कडे झाले की स्पर्शाची जाणीवही संपते. कळलावीच्या वेलीवर अशी काहीही न पकडता स्वतःतच गुंडाळलेली टोके पुष्कळ दिसतात. ज्या पानांच्या आकड्या रित्या राहिल्या, ती पाने निकामी होत नाहीत, उन्हात अन्न बनवण्याचे काम ती चालूच ठेवतात. एकाच अवयवाकडून दोन कामे करून घेणारी ही रचना मला फुलाहूनही अधिक मोहवते.

तरी फुलाकडे यायलाच हवे. कळी हिरवी असते आणि लांब देठावर खाली मान घालून लोंबते. ती उमलताना पाकळ्या बाहेर पसरतात आणि पसरता पसरता मागे वळून आकाशाकडे उलटतात. फूल मात्र खालीच तोंड करून राहते. या सहांपैकी तीन संदले आणि तीन पाकळ्या, पण दिसायला सहाही सारख्या, म्हणून शास्त्रात त्यांना परिदले म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांच्यात हिरवट झाक असते, मग पिवळा रंग चढतो, मग टोकाकडून शेंदरी खाली उतरू लागतो, आणि शेवटी सगळे फूल गडद लाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी हिरवट, पिवळी, दुरंगी आणि लाल अशी फुले दिसतात. ती वेगवेगळ्या जातींची आहेत असे अनेकांना वाटते. तो फक्त वयाचा फरक आहे.

पाकळ्या मागे वळल्याने पुंकेसर आणि स्त्रीकेसर उघडे पडतात. सहा लांब पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे आडवे फाकतात, त्यांच्या टोकांवर परागकोश मधोमध टेकलेले आणि धक्का लागला की डोलणारे. स्त्रीकेसराची दांडी अंडाशयापासून निघते ती सरळ खाली न जाता एकदम काटकोनात वळते आणि एका बाजूला लांब जाऊन तिथे तीन फाट्यांत संपते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही दांडी कुणीतरी मोडली असे वाटते. तसे नाही, तो काटकोन प्रत्येक फुलात असतो. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःच्या टोकावर सहजी पडत नाहीत आणि दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन येणाऱ्याशी त्या टोकाची गाठ पडते.

घेऊन कोण येते? फुलपाखरे. आणि ती पराग आणतात पायांवर किंवा सोंडेवर नव्हे, तर पंखांवर. दक्षिण आफ्रिकेत झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच फुलावर आहे. मध परिदलांच्या बुडाशी असतो. तो चाखायला फुलपाखरू लोंबत्या फुलाशी फडफडत येते, तेव्हा त्याच्या पंखांची खालची बाजू बाहेर फाकलेल्या परागकोशांना घासते. पुढच्या फुलावर तेच पंख त्या आडव्या दांडीच्या टोकाला लागतात. फूल खाली तोंड करून असणे या सगळ्या व्यवहारासाठी गरजेचे आहे, हे त्या संशोधकांनी दाखवून दिले. उलटलेल्या पाकळ्या, फाकलेले पुंकेसर, मोडल्यासारखी दांडी, या सगळ्यांतला विचित्रपणा पंख डोळ्यांसमोर आणले की संपतो. सारे मोजमाप फडफडणाऱ्या पंखाचे आहे.

बी धरले की फूल वाळते, तरी पाकळ्या लगेच गळत नाहीत. लांबट हिरवे बोंड भरत जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते तीन भागांत उकलते आणि आत ओळीने बसलेल्या लालभडक गोल बिया दिसतात. बाहेरचे आवरण मांसल, रंग पक्ष्यांना दुरून दिसेल असा. बी आळशी असते. रुजायला वेळ घेते, आणि रुजल्यावरही कंद पुरेसा भरेपर्यंत काही वर्षे नुसती पाने काढत राहते. बियांपासून पहिले फूल यायला साधारण तीन-चार वर्षे जातात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता ती नेमकी कुठे वाढते ते पाहू. दाट जंगलात तिला ऊन मिळत नाही. उघड्या माळावर चढायला आधार मिळत नाही. पाणी साचणाऱ्या जागी कंद कुजतो. तिला हवी असते कड. रानाची कड, ओढ्याची वरची धार, शेताचा बांध, गडग्याच्या दगडांमधली माती, देवराईच्या बाहेरची झुडपे, किनाऱ्यावरच्या पुळणीमागचे झुडपी रान. मुळाशी सावली आणि ओल, शेंड्याला ऊन, मधे धरायला काटेरी फांद्या, आणि खालची जमीन निचऱ्याची. काट्यांमुळे कंद उकरणाऱ्यांपासून बचाव होतो, आणि जनावरे तर सहसा तिला तोंड लावत नाहीत. माणसाने शेते केली, वाटा पाडल्या, कुंपणे घातली तेव्हा अशा कडा वाढल्या. जिवंत कुंपणाची वई ही कळलावीसाठी रानाच्या कडेइतकीच चांगली जागा ठरली, आणि शेतीबरोबर ती गावात शिरली.

तिचे विष सगळ्यांना रोखत नाही. पावसाळ्यात पानांवर एक काळा सुरवंट दिसतो, अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके. लिली पतंग नावाच्या एका पतंगाची ती अळी. लिलीच्या गोतातली पाने हेच तिचे अन्न आणि विषारी कळलावीही ती बिनधास्त फस्त करते. पुढे होणारा पतंगही काळा, लाल, पिवळा असा भडक असतो. असे भडक रंग कीटकांच्या जगात बहुधा खाणाऱ्याला दिलेला इशारा असतात. वेलीवर ही अळी दिसली तर औषध मारायला धावू नये. कंद शाबूत असला तर पाने खाल्ली गेल्याने वेल मरत नाही.

या विषाचे नाव कोल्चिसिन. ते वेलीच्या सर्व भागांत असते, कंदात आणि बियांत विशेष, आणि बियांत कंदाहूनही अधिक. पेशीचे विभाजन होताना रंगसूत्रे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी पेशीत अतिसूक्ष्म नळ्यांची एक चौकट उभी राहते. कोल्चिसिन त्या नळ्यांच्या घटक प्रथिनाला चिकटते आणि चौकट उभीच राहू देत नाही. विभाजन अर्ध्यात अडकते. विषबाधेची सगळी लक्षणे या एका गोष्टीतून निघतात. शरीरात ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना पहिला फटका बसतो. आतड्याचे अस्तर, म्हणून उलट्या आणि पटकीसारखे जुलाब. अस्थिमज्जा, म्हणून काही दिवसांत रक्तातल्या पेशी घटणे. केसांची मुळे, म्हणून वाचलेल्या माणसाचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळणे. सुरुवातीचे काही तास काहीच होत नाही, आणि तेच सर्वांत धोक्याचे. लोक बरे वाटते आहे म्हणून घरी थांबतात. यावर सर्रास मिळणारा उतारा नाही. कंद रताळे किंवा रानकंद समजून खाल्ल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत नोंदलेल्या आहेत. चुकून खाल्ले गेले तर लक्षणांची वाट न पाहता, वेलीचा तुकडा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असे सांगितले आहे. म्हणजे जाणत्यांना धाक होताच. बाळंतपणाच्या कळा लवकर याव्यात म्हणून कंद उगाळून लावण्याची किंवा पोटात देण्याची चाल मात्र अनेक भागांत होती. तिच्या 'कळ' लावण्याची ही ख्याती बायकांच्या जिवावर बेतणारी आहे. हा प्रयोग कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

तेच कोल्चिसिन मोजून दिले तर औषध आहे. १८२० साली फ्रान्समध्ये पेलेत्ये आणि काव्हाँतू यांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या कळलावीच्याच कुळातल्या फुलझाडातून वेगळे केले. काश्मीरकडचे सुरंजान हे त्याच वंशातले. गाऊट या सांध्याच्या विकारात यूरिक आम्लाचे स्फटिक साचलेल्या जागी पांढऱ्या पेशी धाव घेतात आणि सांधा सुजून असह्य ठणकतो. कोल्चिसिन त्या पेशींची धाव रोखते. त्याची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही अल्प मात्रेत ते मंजूर झाले. शेतीतही त्याने मोठे काम केले. विभाजन अडवले की पेशीत रंगसूत्रांची संख्या दुप्पट होते. १९३७ साली ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी वनस्पतींवर हे करून दाखवले आणि जपानच्या हितोशी किहारा यांनी याच मार्गाने बिनबियांचे कलिंगड तयार केले. उन्हाळ्यात आपण ज्या बिनबियांच्या फोडी खातो, त्यांच्या मागे हे विष आहे.

औषधी कारखान्यांना लागणारे बी तामिळनाडूत पिकते. धारापुरम, मुलनूर, ओड्डनछत्रम या कोरड्या पट्ट्यांत शेतकरी तारांच्या मांडवावर ही वेल चढवतात आणि फुलोऱ्यात रोज सकाळी माणसे फुलाफुलाला हाताने पराग लावत फिरतात, कारण तो काटकोन आडवा येतो आणि शेतभर फुलांना पुरतील इतकी फुलपाखरे नसतात. बी परदेशी जाते. भाव कधी चढतो, कधी कोसळतो, पण या शेतीमुळे रानातल्या वेलीवरचा भार काही अंशी तरी हलका होतो.

सगळ्या जगाचा हिशोब मांडला तर कळलावी नामशेष व्हायला आलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर ती बागांतून सुटून वाळूच्या टेकड्यांवर इतकी माजली आहे, की तिथे तिला तण म्हणून उपटावे लागते. आपल्याकडे चित्र उलटे आहे. औषधासाठी कंद खणले जातात, आणि कंद गेला म्हणजे वेल गेली. त्याहून मोठे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. वई काढून तिथे सिमेंटचे खांब आणि तार येते, गडगा जाऊन चिऱ्यांची भिंत येते, बांधावर तणनाशक फवारले जाते, रस्त्याकडेची झुडपे गणपतीच्या आधी यंत्राने साफ होतात. वेल त्या वेळी कळीवर किंवा फुलावर असते. एकदा छाटली तर कंदाच्या बळावर ती पुढच्या वर्षी येईलही, पण पाने नसल्याने नवा कंद बारीक भरतो. दरवर्षी छाटली तर बी कधीच तयार होत नाही आणि कंद वर्षागणिक खंगत जातो. ज्या झाडाला बियांपासून फुलावर यायला तीन-चार वर्षे लागतात, त्याला असे सलग काही पावसाळे झेपत नाहीत.

उपाय साधा आहे, आणि वई ज्यांच्या मालकीची आहे त्यांच्या हातातला आहे. कुंपण साफ करायचे ते कार्तिक उलटल्यावर करा, बोंडे उकलून बिया पडल्यावर. कंद खणू नका, दुसऱ्याला खणू देऊ नका. बागेत हवी असेल तर पिकलेल्या बोंडातल्या थोड्या बिया घ्या, हात धुवा, घरात लहान मूल असेल तर बिया आणि वेल दोन्ही त्याच्या हाती लागणार नाहीत अशी जागा निवडा, आणि निचऱ्याच्या मातीत, एखाद्या झुडपाच्या बुडाशी त्या पेरा. उरलेल्या बिया वईतच राहू द्या.